लहान मुलांच्या लसींना उशीर: थांबायचं, पळायचं की पैसे मोजायचे? (ठाणे / नवी मुंबई)

वाघबीळनाका
घोडबंदर रोडपासून ऐरोलीपर्यंत पालकांच्या कुठल्याही ग्रुपवर सध्या हाच विषय. कार्डावर तारीख लिहिलेली असते, बाळाला घेऊन केंद्रावर जावं तर 'आज पेंटा (पाच रोगांवरची एकत्रित लस) आहे, पीसीव्ही (न्यूमोनियाची) नाही', नाहीतर 'गोवराच्या लसीला मुलं कमी आहेत, पुढच्या सत्राला या'. नोकरदार आईबापांनी किती अर्ध्या रजा टाकायच्या? खासगीत जावं तर तिथे हेक्साचा (सहा रोगांवरची एकत्रित लस) ठरलेला ब्रँड संपलेला, 'आला की फोन करतो'.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. उशीर झाला तर आधीचे डोस फुकट जातात का? कुठल्या लसीला किती उशीर चालतो? आणि परत पाठवलं तर काउंटरवर नेमकं काय विचारायचं? रडगाणं नको, माहिती द्या. (रडगाणं मी वर गायलोच आहे, तेवढं पुरे.)

कोपरीकर
घोडबंदरवाल्यांनो, टँकरची वाट बघून बघून तुमचा सराव झालेला असेल असं वाटलं होतं :)

सत्रवाली_ताई
तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण गोंधळ तिथेच होतो. 'लस नाही' या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. एक, केंद्रात साठाच नाही. दोन, साठा आहे पण आज त्या लसीचं सत्र नाही. तीन, साठाही आहे, सत्रही आहे, पण एका मुलासाठी बाटली फोडायची नाही. पालकाने शांतपणे एवढंच विचारावं: "सिस्टर, साठा संपलाय की आज बाटली उघडणार नाही?" पुढे काय करायचं ते या उत्तरावर ठरतं.

बाटलीचं गणित असं आहे. बीसीजी (क्षयरोगाची) आणि एमआर (गोवर-रुबेला) पावडरच्या स्वरूपात येतात. सोबतच्या द्रावणात मिसळल्या की जास्तीत जास्त ४ तास, किंवा सत्र संपेपर्यंत, यातलं जे आधी होईल ते. नंतर उरलेलं टाकून द्यावंच लागतं, कारण त्यात जंतू वाढू शकतात. बीसीजीची बाटली १० डोसची, एमआरची ५ किंवा १० ची. पेंटा, पीसीव्ही, आयपीव्ही (पोलिओचं इंजेक्शन), डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), पोलिओ थेंब या द्रवरूप लसींचं तसं नाही. उघडलेली बाटली नीट ठेवली तर २८ दिवसांपर्यंत वापरता येते. बाटलीवर उघडल्याची तारीख आणि वेळ लिहितात, ती बघायला मागायला काहीच हरकत नाही.

म्हणून 'मुलं कमी आहेत' हे कारण बीसीजी किंवा एमआरला ऐकू आलं तर त्यामागे काहीतरी तर्क तरी आहे. पेंटाला ऐकू आलं तर सरळ वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा.

निंबोणी
ताई, तर्क आहे हे मान्य, पण नियम तसा नाही. एमआरसाठी एकच मूल आलं तरी बाटली उघडावी, हीच सरकारी सूचना आहे. नासाडी आधीच गृहीत धरलेली असते, बीसीजीला तर निम्म्यापर्यंत. मूल परत पाठवण्यापेक्षा चार डोस वाया गेलेले परवडले, हा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात मासिक आढाव्यात नासाडीचा आकडा विचारला जातो आणि परत पाठवलेल्या मुलांचा कुणी विचारत नाही. मग सिस्टर तरी काय करणार?

सत्रवाली_ताई
@निंबोणी, अगदी खरं. म्हणूनच सिस्टरशी भांडून उपयोग नाही. वैद्यकीय अधिकाऱ्याने सांगितलं की बाटली उघडते. आणखी एक मार्ग म्हणजे आदल्या दिवशी आशाताईंना फोन करून 'उद्या एमआरला आमचं एक मूल' असं सांगून ठेवणं. आशाताई चार घरी विचारते, तीन मुलं होतात, प्रश्न मिटतो.

खाडीपूल
पुरवठा कुठे अडतो याबद्दल थोडं. लस कारखान्यातून निघाली की थेट केंद्रात येत नाही. प्रत्येक बॅचला कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेची मंजुरी लागते. मग केंद्र सरकारची मोठी भांडारं (कर्नाल, मुंबई, चेन्नई, कोलकाता), मग राज्याचं पुण्याचं भांडार, मग विभाग, जिल्हा किंवा महापालिका, आणि शेवटी आपलं नागरी आरोग्य केंद्र. प्रत्येक टप्प्यावर कागद आणि शीतगाडी.

साखळीत सगळ्यात नाजूक बीसीजी. तो जिवाणू वाढतोच फार हळू, त्यामुळे मागणी वाढली म्हणून पुढच्या महिन्यात उत्पादन वाढवता येत नाही. बनवणारेही मोजके. २००८ साली कसौली, गिंडी आणि कुन्नूरच्या तीन सरकारी लसकारखान्यांचे परवाने निलंबित झाले होते. ते पुढे पुन्हा सुरू झाले, पण तोवर बहुतेक भार खासगी उत्पादकांवर गेला होता.

साठ्याची नोंद ईविन या प्रणालीत होते. कुठल्या शीतकेंद्रात किती डोस आहेत ते अधिकाऱ्याला मोबाइलवर दिसतं. त्यामुळे 'वरून येत नाही' असं ऐकलं तर पुढचा प्रश्न असा: "शेजारच्या कुठल्या केंद्रात आहे ते ईविनवर बघून सांगाल का?" हा प्रश्न विचारणारे पालक फारच थोडे.

सेक्टर_बारा_खारघर
शेजारचं केंद्र म्हणजे कुठलं, हाच इथे घोळ. खारघर, कामोठे, कळंबोली म्हणजे पत्त्यात नवी मुंबई, पण महापालिका पनवेलची आणि जिल्हा रायगड. सीबीडी बेलापूर हाकेवर, पण ते नवी मुंबई महापालिकेत आणि ठाणे जिल्ह्यात. तिकडे गेलं तर 'तुमची हद्द नाही' म्हणतात.

खाडीपूल
म्हणू देत. राष्ट्रीय कार्यक्रमातली लस पत्त्याला बांधलेली नाही. कुठलंही मूल कुठल्याही सरकारी सत्रात लस घेऊ शकतं. आधार, रेशनकार्ड, मालमत्ता कराची पावती, काहीच लागत नाही. माता-बाल संरक्षण कार्ड पुरतं, आणि ते नसलं तरी लस देऊन नवं कार्ड करून द्यायचं असतं. विटाव्याहून दिघा जवळ पडत असेल तर खुशाल दिघ्याला जा. दोन महापालिका आहेत हा बाळाचा दोष नाही.

पारसिक
'खुशाल जा' म्हणणं सोपं आहे. दुसऱ्या हद्दीतल्या मुलाची नोंद त्यांच्या यादीत बसत नाही, म्हणून टाळाटाळ होते. त्यांची मागणीही त्यांच्या भागातल्या मुलांच्या अंदाजावर असते. सगळं घोडबंदर एकाच केंद्रावर लोटलं तर तिथलाही साठा संपणार.

सत्रवाली_ताई
दोघांचंही बरोबर. एखादा डोस शेजारी घेतला तर काही बिघडत नाही, पण आपल्या केंद्रात नाव नोंदवलेलं असू द्या. त्यांची पुढची मागणी त्याच यादीवरून जाते. बाहेर घेतलेला डोस परत येऊन आपल्या सिस्टरकडे लिहून घ्यायचा. यू-विनवर (लसीकरणाचं सरकारी पोर्टल) नोंदणी असेल तर एकच मोबाइल नंबर धरा. आईचा एकदा, बाबांचा एकदा असं केलं की एकाच बाळाच्या दोन नोंदी होतात आणि दोन्ही अर्धवट दिसतात.

डोसवही
आता पहिला आणि दुसरा प्रश्न. पहिल्याचं उत्तर 'नाही'. उशीर झाला म्हणून मालिका पहिल्यापासून सुरू करायची नसते, जिथे थांबली तिथून पुढे. दिलेला डोस दिलेलाच. उलट ठरलेल्या किमान अंतराच्या बराच आधी घेतलेला डोस धरत नाहीत. म्हणून उशीर भरून काढायला दोन डोस जवळजवळ उरकू नका.

आता कुणाला किती थांबता येतं ते सरकारी वेळापत्रकाप्रमाणे.

कावीळ ब चा जन्माचा डोस २४ तासांच्या आत. इथे सवलत नाही. आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखायला तो असतो आणि जितका उशीर होईल तितका त्याचा उपयोग कमी होत जातो. पोलिओचा शून्य डोस १५ दिवसांपर्यंत. बीसीजी एक वर्षापर्यंत.

पेंटाचे तीन डोस ६, १०, १४ आठवड्यांना, दोन डोसांत किमान ४ आठवडे. पहिला डोस वर्षाच्या आत सुरू झाला असेल तर उरलेले वर्षानंतरही पूर्ण करतात. वर्षापर्यंत एकही झाला नसेल तर पेंटाऐवजी डीपीटी.

रोटाव्हायरस (जुलाबावरची लस) जपून. सरकारी कार्यक्रमात पहिला डोस एक वर्षापर्यंत चालतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचं वेळापत्रक पाळणारे खासगी डॉक्टर मात्र पहिला डोस १५ आठवडे पूर्ण व्हायच्या आत आणि शेवटचा ८ महिन्यांच्या आत धरतात. म्हणजे खासगीत 'आता वेळ गेली' म्हणाले तरी सरकारी केंद्रात विचारा.

पीसीव्ही ६ आणि १४ आठवडे, बूस्टर ९ महिन्यांना. इंजेक्शनचा पोलिओ (त्वचेत, ०.१ मिली) ६ आणि १४ आठवडे, आणि जानेवारी २०२३ पासून तिसरा ९ महिन्यांना. या दोन्हींच्या पहिल्या आणि दुसऱ्या डोसात ८ आठवडे हवेत, ४ नाही. उशिराने सुरुवात झालेल्या मुलांचं इथेच चुकतं, पेंटाबरोबर दर महिन्याला सगळंच उरकायचा आग्रह होतो.

एमआर पहिला ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. राहिलाच तर ५ वर्षांपर्यंत देतात.

कौसा_मुंब्रा
वरचं वाचून कुणी 'एमआरला पाच वर्षं आहेत ना, मग बघू' असं म्हणू नका. २०२२ च्या अखेरीस गोवंडी आणि भिवंडीत गोवर पसरला तेव्हा मुलं दगावली. गोवराचा आजारी खोकून गेलेल्या खोलीत विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. साथ थोपवायला ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस झालेले लागतात. बीसीजी दोन आठवडे लांबली तर बहुतेक वेळा निभावतं. गोवराचं तसं नाही.

अति_शहाणा
इतकी कटकट कशाला? खासगीत जा, एक हेक्सा टोचा, मोकळे व्हा.

निंबोणी
@अति_शहाणा, नाव सार्थ केलंत :) धागाकर्त्यांचा अर्धा प्रश्न खासगीतल्या टंचाईचाच आहे.

तिथला बहुतेक उशीर 'पेनलेस' पायी होतो. पेनलेस म्हणजे डांग्या खोकल्याचा भाग अख्ख्या पेशीचा नसून फक्त निवडक प्रथिनांचा. ताप आणि सूज कमी येते, हे खरं. पण त्याचं डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण लवकर ओसरतं, हेही बऱ्याच देशांत दिसलंय. सरकारी पेंटा अख्ख्या पेशीची, ताप जास्त, पण संरक्षणात कुठे कमी नाही. पेनलेसचा ब्रँड येईपर्यंत दीड-दोन महिन्यांच्या बाळाला महिनाभर उघडं ठेवणं हा उलटा व्यवहार. डांग्या खोकला सगळ्यात जीवघेणा याच वयात असतो.

डोसवही
+१. आधीचा ब्रँड मिळत नसेल तर दुसऱ्या ब्रँडने मालिका पूर्ण करता येते. तोच मिळाला तर उत्तम, पण त्यासाठी तारीख चुकवू नये. एक डोस खासगी आणि पुढचा सरकारी, हेही चालतं. फक्त सरकारी पेंटात पोलिओ नसतो. हेक्सावरून पेंटावर आलात तर सिस्टरला कार्ड दाखवून 'आयपीव्ही हेक्सातून झालंय' असं सांगा, पुढचं ती ठरवेल.

खासगीत पीसीव्ही १० आठवड्यांनाही देतात आणि बूस्टर १५ महिन्यांच्या आसपास. सरकारी कार्डावर १० आठवड्यांच्या रकान्यात पेंटा, पोलिओ थेंब आणि रोटा एवढंच दिसतं. ते पाहून 'आम्हाला पीसीव्ही दिलीच नाही' अशी तक्रार करणारे पुष्कळ. दोन्ही वेळापत्रकं आपापल्या जागी बरोबर आहेत.

शीतपेटी
कुणीतरी 'केमिस्टकडून आणून डॉक्टरला देऊ का' विचारायच्या आतच सांगतो: नको. पेंटा, डीपीटी, पीसीव्ही, आयपीव्ही, कावीळ ब या लसी उन्हात बिघडतात त्यापेक्षा जास्त वेळा गोठून बिघडतात. हव्यात २ ते ८ अंशांत. लोक फ्रीझरमधला जेलपॅक बाटलीला चिकटवून रिक्षाने नेतात, तिथेच लस गोठते आणि तिची ताकद जाते. नंतर वितळली की दिसायला बहुधा नेहमीसारखीच.

केंद्रातल्या लसपेटीत चार बर्फाच्या पट्ट्या असतात. त्याही फ्रीझरमधून काढून लगेच भरत नाहीत. बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी वाजायला लागलं की मगच. बाटलीवर व्हीव्हीएमची खूण असते, गोलात चौकोन. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट असेल तोवर लस चांगली. दोन्ही सारखे गडद झाले किंवा चौकोन जास्त गडद झाला की बाद. पण ही खूण फक्त उष्णता दाखवते, गोठल्याचं सांगत नाही.

पावसाळ्यात वीज गेली म्हणून सत्र रद्द झालं तर चिडू नका. शंका असलेली लस टोचण्यापेक्षा आठवडा लांबलेला बरा.

कोपरीकर
आमच्या फ्रीजमध्ये दाराच्या कप्प्यात कोथिंबीरही टिकत नाही, लस काय टिकणार.

पारसिक
उशिराचं एक कारण पालकांच्या बाजूचंही आहे. सर्दी आहे, नाक गळतंय, दात येतायत, काल शी पातळ झाली, लगेच 'पुढच्या वेळी'. साधी सर्दी, किरकोळ ताप किंवा अँटिबायोटिक चालू असणं, यांपैकी कशालाही लस थांबवायची नसते. मूल खरंच आजारी असेल, दाखल करण्याइतकं, तर थांबायचं. कमी दिवसांचं बाळ असेल तर पुढच्या लसी जन्मतारखेपासूनच मोजतात, अपेक्षित तारखेपासून नाही. अपवाद आहेत: जास्त मात्रेचे स्टिरॉइड चालू असतील किंवा रक्त, इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर एमआरसारख्या जिवंत लसी लांबवतात. ते डॉक्टर ठरवतील, सासूबाई नाही.

चारकमान
सासूबाईंना का मध्ये आणता? बऱ्याच घरी केंद्रावर बाळाला त्याच नेतात :)

सत्रवाली_ताई
आणि सोसायट्या! घोडबंदर, पाम बीचकडच्या मोठ्या संकुलांत आशाताईंना गेटवरच अडवतात. 'फ्लॅट नंबर सांगा, नाहीतर आत नाही.' तिच्या यादीत बाळच आलं नाही तर त्या भागाची मागणीही तेवढीच कमी जाते, मग साठा संपला की ओरड. सोसायटीच्या सचिवाने वैद्यकीय अधिकाऱ्याला पत्र दिलं, दोन वर्षांखालच्या मुलांची यादी दिली आणि क्लबहाउसची खोली दिली, तर तिथेच बाह्यसत्र लावता येतं. लागतं काय, एक टेबल, सावली, हात धुवायला पाणी आणि लस घेतल्यावर अर्धा तास बसायला जागा.

नवीन_आई_ऐरोली
थोडं अवांतर, पण तापाचं औषध लस घ्यायच्या आधीच द्यावं का?

डोसवही
आधी नको. ताप आला तर द्यायचं, वजनावर: पॅरासिटामॉल दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. ५ किलोच्या बाळाला ५० ते ७५ मिलिग्रॅम. घोटाळा होतो तो बाटलीत. थेंबांच्या बाटलीत बहुधा १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे अर्धा ते पाऊण मिली. सिरपमध्ये ५ मिलीत १२० असेल तर तोच डोस २ ते ३ मिली. ५ मिलीत २५० असेल तर १ ते दीड मिली. लेबल वाचल्याशिवाय चमचा भरू नका, आणि दीड महिन्याच्या बाळाला डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नाहीच.

पेंटाचा ताप एक-दोन दिवसांत येतो आणि जातो. एमआरचा साधारण आठवडाभराने येतो, तेव्हा पालकांना लसीची आठवणही नसते. बीसीजीची गाठ दोन-तीन आठवड्यांनी येते, पिकते, आपोआप वाळते. दाबू नका, हळद लावू नका. खूण उठली नाही तरी पुन्हा बीसीजी देत नाहीत.

वाघबीळनाका
भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. मूळ मुद्दा पुन्हा विचारतो, कारण ग्रुपवर यावरूनच वाद चाललाय. १४ आठवड्यांची तारीख, केंद्रात पेंटा, पोलिओ, रोटा, आयपीव्ही आहे, पीसीव्ही नाही. सगळं एकदमच व्हावं म्हणून पुढच्या आठवड्यापर्यंत थांबायचं का? आणि तक्रार करायची तर कुठे?

सत्रवाली_ताई
थांबायचं नाही. जे आहे ते आजच घ्या, पीसीव्ही आली की एकटी घ्या. या लसींना एकमेकींपासून अंतर ठेवावं लागत नाही. अंतराचा नियम टोचायच्या दोन जिवंत लसींना, उदाहरणार्थ एमआर आणि खासगीत घेतलेली कांजिण्यांची: एकाच दिवशी, नाहीतर मध्ये ४ आठवडे. निघण्याआधी कार्डावर पीसीव्हीच्या रकान्यात 'साठा नाही' आणि आजची तारीख सिस्टरकडून लिहून घ्या. पुढे कुणी 'तुम्हीच आला नाहीत' म्हणू शकत नाही.

खाडीपूल
तक्रारीचा क्रम: आधी केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, मग महापालिकेच्या आरोग्य विभागात लसीकरण बघणारे अधिकारी, ग्रामीण भागात जिल्हा माता-बाल संगोपन अधिकारी. १०४ वर फोन करता येतो, 'आपले सरकार' पोर्टलवर लेखी नोंद होते. 'लस मिळत नाही' एवढंच लिहिलं तर उत्तरही तसंच मोघम येतं. केंद्राचं नाव, लसीचं नाव, कितवा डोस, कुठल्या तारखांना परत पाठवलं आणि कारण काय सांगितलं, एवढं लिहा, कार्डाचा फोटो जोडा.

निंबोणी
एकट्याने नको, सोसायटीतल्या पाच-सहा मुलांची नावं एकाच अर्जात घाला. एका बाळाच्या तक्रारीला पुढची तारीख मिळते. सहा बाळं एकदम दिसली की शेजारच्या केंद्रातून बाटली मागवली जाते.

चारकमान
@वाघबीळनाका, पेंटा आज घेऊन टाका आणि पीसीव्ही आली की इथे केंद्राचं नाव टाका, बाकीच्यांची एक फेरी वाचेल.